उरलेला एक रुपया

दहा लाख रुपये सात भावंडांत सारखे वाटायचे आहेत. पैसे मोजायचे नाहीत, नुसते रुपये. प्रत्येकाला एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न रुपये मिळतात आणि एक रुपया उरतो. व्यवहारात तो रुपया कुणाच्या तरी वाट्यात घालून विषय संपवतात. मला त्या रुपयाविषयीच लिहायचं आहे.

१४२८५७. शाळेत गेलेल्या प्रत्येकाची या संख्येशी एकदा तरी गाठ पडलेली असते. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढताना पायची किंमत २२/७ घ्यायची आणि भाग लावायचा, उत्तर ३.१४२८५७ येतं आणि पुढे चालूच राहतं. आठ आकडी कॅल्क्युलेटरवर ते ३.१४२८५७१ असं दिसतं. शेवटचा तो १ म्हणजे नव्या फेरीचा पहिला अंक. पायची खरी किंमत ३.१४१५९ अशी जाते आणि तिच्यात अशी फेरी कुठेच सुरू होत नाही. तेव्हा १४२८५७ पायचं नाही, ते सातचं आहे. निव्वळ सातचंही नाही, पण ते पुढे पाहू.

गमतीच्या गणितांच्या पुस्तकांत ही संख्या हमखास असते. तिची दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१, चौपट ५७१४२८, पाचपट ७१४२८५, सहापट ८५७१४२. तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून. आणि सातपट? ९९९९९९. मुलं हे पाहून थक्क होतात, पुस्तक पुढच्या गमतीकडे वळतं, आणि हे असं का होतं हा प्रश्न मागे राहतो. मला याचं फार वाईट वाटतं. कारण याचं उत्तर चौथीतल्या भागाकारात आहे आणि ते चमत्कारापेक्षा सुंदर आहे.

वाटणी सावकाश करून पाहू. समोर लाख-लाख रुपयांच्या दहा थैल्या आहेत. सातजणांना एकेक दिली, तीन उरल्या. त्या तीन थैल्या फोडून दहा-दहा हजारांची तीस पुडकी केली. प्रत्येकाला चार गेली, दोन उरली. दोन पुडक्यांचे वीस हजार; प्रत्येकी दोन हजार, उरले सहा. सहा हजारांच्या शंभराच्या साठ नोटा. आठ-आठ गेल्या, चार उरल्या. चार नोटांची मोड केली, दहाच्या चाळीस नोटा आल्या. पाच-पाच दिल्या, पाच उरल्या. त्या पाच नोटांचे पन्नास सुटे रुपये. सात-सात दिले, एक उरला.

वाटलेले अंक ओळीने मांडले की १, ४, २, ८, ५, ७. आपलं लक्ष त्यांच्याकडेच जातं, कारण भागाकार तेवढा मोठ्या अक्षरात लिहितात. पण काम करत होती ती बाकी: ३, २, ६, ४, ५, १. प्रत्येक पायरीवर मागून आलेली बाकी दहापट झाली आणि तिने पुढचा अंकही ठरवला, पुढची बाकीही ठरवली. बाकी २ असेल तर पुढे वीसच वाटायचे आहेत. ते वीस हजार आहेत की वीस पैसे, याने काही बदलत नाही. त्या पायरीपाशी आधी काय काय घडलं, याची आठवण फक्त बाकीत साठवलेली असते.

आता उरलेल्या रुपयाकडे या. त्याची दहा पैशांची दहा नाणी केली. दहा नाणी, सातजण. ही तर पहिलीच पायरी झाली: दहा थैल्या, सातजण. एकेक द्या, तीन उरतील, मग तीस, आणि पुढे अगदी तसंच. बाकी १ आली त्या क्षणी भागाकार घरी परतला. म्हणून एकाला सातने भागलं की ०.१४२८५७१४२८५७ असं अखंड आवर्तन चालतं. आवर्ती दशांश अपूर्णांक हा शब्द आपण पाठ करतो. त्याचा सगळा अर्थ इतकाच, की पूर्वी येऊन गेलेली बाकी पुन्हा आली.

आणि ती पुन्हा यावीच लागते. सातने भागताना बाकी १ ते ६ यांतलीच असणार. शून्य येऊ शकत नाही, कारण दहाला कितीही वेळा दहाने गुणलं तरी त्या गुणाकारात दोन आणि पाचच असतात, सात कधीच शिरत नाही. सहाच घरं आहेत. सातव्या पावलाला आधीच्या एखाद्या घरात पाय पडलाच पाहिजे. आणखी एक बारीक मुद्दा आहे. फेरी पुन्हा नेमकी १ वरच का यावी, मधल्याच एखाद्या बाकीवर का अडकू नये? सहाने भागताना तसं होतं: १/६ म्हणजे ०.१६६६, तिथे १ नंतर बाकी ४ येते आणि मग चारच येत राहते, १ पुन्हा दिसत नाही. सातच्या बाबतीत हे शक्य नाही. दोन वेगवेगळ्या बाक्यांपासून पुढची एकच बाकी यायची, तर त्या दोघींतल्या फरकाच्या दहापटीला सातने पूर्ण भाग जायला हवा. फरक सातहून लहान, दहात सात नाही. म्हणजे प्रत्येक घरात यायला एकच वाट आहे. अशा रचनेत शेपूट उरत नाही; निव्वळ वर्तुळ होतं.

हे वर्तुळ मनात पक्कं करा: १, ३, २, ६, ४, ५ आणि परत १. आता पटींचा चमत्कार उलगडायला कष्ट पडत नाहीत. वीस लाख वाटायचे असतील तर पहिल्याच पायरीवर वीस थैल्या आहेत, म्हणजे आपण वर्तुळात २ या घरातून शिरलो. तिथून पुढे २, ८, ५, ७, १, ४ हेच अंक मिळणार. दुसऱ्या बाजूने बघा: वीस लाख म्हणजे दहा लाखांची वाटणी दोनदा. प्रत्येकाला दुप्पट मिळाले आणि दोन रुपये उरले. दोन्ही हिशेब एकाच वाटणीचे, म्हणून १४२८५७ ची दुप्पट २८५७१४ असलीच पाहिजे. तीस लाखांना ३ चं घर, चाळीस लाखांना ४ चं. दार वेगळं, आतला रस्ता तोच.

साठ लाखांपर्यंत हे चालतं. तेव्हा सहा रुपये उरलेले असतात, अजून वाटता न येणारे. सत्तर लाखांना सात रुपये उरतात आणि पहिल्यांदाच त्यांची वाटणी होते, प्रत्येकी एक. त्यामुळे सातपट ९९९९९९ वर थांबते: सत्तर लाखांतले दहा-दहा लाख प्रत्येकाला मिळायला जो एकेक रुपया कमी पडत होता, तो हाच. इथवर आलं की नऊंची ती रांग मला नाट्यमय वाटेनाशी होते आणि जास्त आवडते.

आठपट केली तर? १४२८५७ × ८ = ११४२८५६. पुस्तकं इथे गप्प बसतात, कारण वर्तुळ मोडल्यासारखं दिसतं. पण उजवीकडचे सहा अंक वेगळे करा आणि डावीकडे राहिलेला १ त्यांत मिळवा: १४२८५६ + १ = १४२८५७. सात पटी म्हणजे दहा लाखांना एक कमी. आठवी पट मिळवताना एक पूर्ण दहा लाख तयार होतं आणि त्याच्यासाठी घेतलेला एक परत करावा लागतो. हाच नियम कितीही मोठ्या गुणकाला लावता येतो. गुणकाला सातने भागा. महत्त्व फक्त बाकीला.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ३६५ चं. १४२८५७ × ३६५ = ५२१४२८०५. शेवटचे सहा अंक तोडले की डावीकडे ५२ आणि उजवीकडे १४२८०५. बेरीज १४२८५७. मूळ संख्या जशीच्या तशी परत आली, कारण ३६५ ला सातने भागल्यावर बाकी १ राहते. आणि डावीकडचे ते ५२ ओळखीचे वाटले का? वर्षाचे बावन्न आठवडे, वर एक दिवस. यंदाचा वाढदिवस सोमवारी असेल तर पुढच्या वर्षी तो मंगळवारी येतो, ते त्या उरलेल्या एका दिवसामुळे. मध्ये २९ फेब्रुवारी येत असेल तर ३६६ ने गुणा: ५२२८५६६२, आणि ५२ + २८५६६२ = २८५७१४. वर्तुळातलं २ चं घर. वारही दोनने सरकतो. भिंतीवरचं कॅलेंडर आणि हा गुणाकार एकाच बाकीवर चालतात.

या संख्येचे मधोमध दोन तुकडे करा: १४२ आणि ८५७. बेरीज ९९९. अंकांच्या जोड्या लावा: १ ला ८, ४ ला ५, २ ला ७, प्रत्येक जोडी नऊची. याचंही कारण बाक्यांच्या वर्तुळात आहे. तीन पायऱ्यांनंतर, म्हणजे नेमक्या अर्ध्या वाटेवर, बाकी ६ येते. तिथून पुढे आपण सहा सप्तमांश लिहीत असतो, आणि सहा सप्तमांश म्हणजे पूर्ण एकाला एक सप्तमांश कमी. पहिल्या अर्ध्यात जे लिहिलं ते नऊमधून वजा करून दुसऱ्या अर्ध्यात लिहायचं, एवढंच उरतं. वर्तुळात समोरासमोर बसलेल्या बाक्या पाहा: १ समोर ६, ३ समोर ४, २ समोर ५. सगळ्या जोड्या सातच्या. मिडी नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८३६ मध्ये हा गुण सर्वसाधारण रूपात मांडला, म्हणून त्याला मिडीचं प्रमेय म्हणतात.

तीन तुकडेही करता येतात: १४, २८, ५७. बेरीज ९९. इथे तर दुप्पट-दुप्पट दिसते, १४, २८, ५६; शेवटी मात्र एक जास्त. शंभर रुपये सातजणांत वाटले तर चौदा-चौदा जातात आणि दोन उरतात. त्यामुळे दर दोन अंकांनी सगळं दुप्पट होत जातं. छप्पननंतरची दुप्पट ११२, ती दोन अंकांत मावत नाही, तिचा हातचा एक मागे येतो आणि ५६ चे ५७ होतात.

तुकड्यांच्या बेरजेचा आणखी एक खेळ पाहायला आता नाशिकजवळच्या देवळालीला जाऊ. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर तिथे शाळेत शिकवत. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. संख्यांवर मात्र त्यांचं निरतिशय प्रेम होतं. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर माहीत आहे. त्यांच्या नावाने आणखी एक कुळ ओळखलं जातं, कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे आणि बेरजेत मूळ संख्या परत मिळवायची.

१४२८५७ ही याच कुळातली आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. डावीकडे २०४०८, उजवीकडे १२२४४९. मिळवून बघा: १४२८५७. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी बेरीज तीनदा केली होती, आणि बराच काळ हा गुण मला वर्तुळाच्या गुणाहून अगदी निराळा वाटत होता. तो निराळा नाही. वर्ग म्हणजे १४२८५७ ला १४२८५७ ने गुणणं, आणि गुणकाचा नियम आपल्याला ठाऊक आहे: त्याला सातने भागा. २०४०८ सत्ते १४२८५६. बाकी १. तेव्हा डावीकडे २०४०८ दिसणार, जसे मघाशी ५२ दिसले होते, आणि बेरजेत मूळ संख्या परत येणार. ३६५ चा हिशेब समजला असेल त्याला हा वर्ग समजलेला आहे.

आता राहिलेली गोष्ट: हे निव्वळ सातचं का नाही. आपण प्रत्येक पायरीवर दहाची मोड केली, लाखाचे दहा हजार, हजाराचे शंभर. आपली मोजणी दहाची, म्हणून. १ एप्रिल १९५७ पर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचा होता. समजा प्रत्येक पायरीला सोळाची मोड केली असती. एकाचे सोळा, प्रत्येकी दोन, बाकी दोन. दोनाचे बत्तीस, प्रत्येकी चार, बाकी चार. चाराचे चौसष्ट, प्रत्येकी नऊ, बाकी एक. तीनच पायऱ्यांत घरी. ३, ६ आणि ५ ही घरं त्या फेरीत येतच नाहीत; त्यांचं वेगळं छोटं वर्तुळ होतं. आठची मोड केली तर आठातून सात गेले, एक उरला, पुन्हा आठातून सात, पुन्हा एक. सगळा प्रवास एकाच घरात. १४२८५७ चे गुण सात आणि दहा या जोडीचे आहेत. माणसाच्या हातांना दहा बोटं नसती तर ही संख्या आपल्याला भेटली नसती. जगाचं रहस्य तिच्यात शोधणारे लोक झाले आहेत. गुर्जिएफ या रशियन साम्राज्यात जन्मलेल्या गूढवाद्याने आपल्या नऊ बिंदूंच्या आकृतीतले सहा बिंदू याच अंकांच्या क्रमाने जोडले. मला ती वाट पटत नाही. आठच्या मोडीत एका अंकात संपणारी गोष्ट विश्वाचा नकाशा कशी असेल?

दहाच्या मोडीत सातसारखं वागणारे दुसरे कोण? तीन नाही: १/३ मध्ये बाकी १ वरून हलतच नाही. अकराला दोन पायऱ्या पुरतात, ०.०९०९. तेराला सहा घरांची दोन वर्तुळं आहेत, ०७६९२३ आणि १५३८४६, आणि दहा लाख तेराजणांत वाटले तरी एकच रुपया उरतो. फर्माने १६४० मध्ये एका पत्रात लिहिलेलं आणि पुढे ऑयलरने सिद्ध केलेलं प्रमेय सांगतं, की २ आणि ५ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्याहून एकाने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी १ असणारच. काही संख्या त्याआधीच, मधल्या एखाद्या फेरीत घरी येतात. सात मात्र सगळ्या घरांना भेट देऊन मगच परततो. असा संपूर्ण फेरा करणाऱ्या, शंभराच्या आतल्या मूळ संख्या नऊ: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७. शंभराच्या आत मूळ संख्या एकूण पंचवीस.

गाउसने १८०१ च्या आपल्या महान ग्रंथात या आवर्तनांचा विचार केला आणि शेवटी त्यांचं कोष्टकही जोडलं. पण संपूर्ण फेरा करणाऱ्या मूळ संख्या पुढेही येत राहतात का, की कुठेतरी संपतात? १९२७ मध्ये एमिल आर्टिनने अनुमान मांडलं, की त्या अनंत आहेत आणि सगळ्या मूळ संख्यांत त्यांचं प्रमाण शंभराला सुमारे ३७.४ पडतं. १९६७ मध्ये क्रिस्टोफर हूली यांनी दाखवलं, की सामान्यीकृत रीमान अनुमान खरं असेल तर आर्टिन बरोबर आहेत. हे दुसरं अनुमानही अजून सिद्ध झालेलं नाही. चौथीतल्या भागाकारातून निघालेली वाट इथे येऊन थांबते, आणि जगातला सर्वांत मोठा गणितज्ञही आज आपल्या शेजारी इथेच उभा आहे.

हे वाचून झाल्यावर एक कागद आणि पेन्सिल घ्या, आणि एकाला सतराने भाग लावा. कॅल्क्युलेटर नको, त्याच्या आठ अंकांत हे मावणार नाही. भागाकाराकडे कमी आणि बाकीकडे जास्त लक्ष ठेवा. प्रत्येक बाकी बाजूला लिहीत जा. घरी मूल असेल तर ते शेजारी बसू दे आणि बाक्या त्याच्याकडून काढून घ्या. आठव्या पायरीला बाकी १६ येईल, म्हणजे अर्धा रस्ता झाला. सोळाव्या पायरीला १ येईल.